साहाय्यक फलने, चाचणीसंचातील : द्विरुक्ती व एकत्रीकरण

संगणकाची आज्ञावली अपेक्षेप्रमाणे काम करते की नाही, हे पाहण्यासाठी तिच्याबरोबरच ज्या लहान लहान तपासणी-आज्ञावल्या लिहून ठेवतात, त्यांच्या समूहास चाचणीसंच म्हणतात. प्रत्येक चाचणीचे स्थूलमानाने तीन भाग असतात : नमुन्याची माहिती मांडणे, तपासावयाचा भाग चालविणे आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहणे. यांपैकी पहिल्या व तिसऱ्या भागातील काम अनेक चाचण्यांत जवळजवळ सारखे असते. नमुन्याचा ग्राहक निर्माण करणे, तात्पुरता माहितीसाठा उघडणे व काम झाल्यावर पुसून टाकणे, दोन रकमा पैशांपर्यंत जुळतात की नाही ते पाहणे, ही अशी कामे होत. ती पार पाडणाऱ्या स्वतंत्र आज्ञासमूहांस साहाय्यक फलने अशी संज्ञा आहे. एकच साहाय्यक फलन थोड्याफार फरकाने निरनिराळ्या फाइलींत पुनःपुन्हा लिहिले गेले, म्हणजे द्विरुक्ती निर्माण होते. आणि अशा प्रती शोधून, त्यांतील फरकांचा निर्णय करून, त्यांच्या जागी एकच फलन ठेवण्याच्या क्रियेस एकत्रीकरण म्हणतात.

हे काम वरवर पाहता माळ्यावरील अडगळ आवरण्यासारखे दिसते आणि पुष्कळ ठिकाणी ते त्याच भावनेने, सवड मिळेल तेव्हा, उरकले जाते. परंतु आज्ञावलीवर किती विश्वास टाकावयाचा, हे चाचणीसंचावरून ठरते. मुख्य आज्ञावलीतील दोष चाचणीत उघड होण्याचा संभव असतो. चाचणीतील दोष उघड करणारी दुसरी चाचणी मात्र बहुधा नसते. म्हणून या आवराआवरीला एक स्वतंत्र इतिहास आहे आणि तीविषयी आजही मतभेद आहेत.

नक्षीच्या कार्डांचा पूर्वेतिहास : एकाच सूचनासंचाच्या अनेक प्रती बाळगल्याने येणारी अडचण संगणकाहून जुनी आहे. महाराष्ट्रात तिचे सर्वांत स्पष्ट उदाहरण सोलापूरच्या विणकामात सापडते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहरात हातमागाचा धंदा वाढविला; १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ या नावाने पुढे ओळखली जाणारी पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि विसाव्या शतकात हातमागाची जागा बव्हंशी यंत्रमागाने घेतली. भौगोलिक निर्देश म्हणून नोंद झालेली सोलापुरी चादर जॅकार्ड यंत्रणेच्या मागावर विणली जाते. ही यंत्रणा फ्रान्समधील लीआँ येथील झोझेफ मारी जॅकार्ड (१७५२–१८३४) याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. बूशाँ, फाल्काँ व व्होकांसाँ यांचे अठराव्या शतकातील प्रयत्न तिच्या मुळाशी होते.

जॅकार्ड यंत्रणेत बाण्याच्या प्रत्येक धाग्यासाठी पुठ्ठ्याचे एक कार्ड असते. कार्डावर जेथे छिद्र असेल तेथील सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला हूक उचलला जातो आणि त्या हुकाला बांधलेले ताण्याचे धागे वर येतात. जेथे छिद्र नसेल तेथील धागे खालीच राहतात. नक्षीचे एक आवर्तन पूर्ण होण्यास लागणारी सर्व कार्डे दोरीने ओवून त्यांची माळ करतात. ही माळ एका वेळी एकाच मागावर चढविता येते. तीच चादर दहा मागांवर विणावयाची असेल, तर एकाच आलेखावरून दहा माळा तयार कराव्या लागतात.

या व्यवस्थेतील दोषांचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. एखाद्या माळेतील एका कार्डावर छिद्र चुकीच्या जागी पडले, तर त्या एकाच मागावरील प्रत्येक आवर्तनात त्याच ठिकाणी दोष उमटतो. शेजारच्या मागावरील चादर निर्दोष असते आणि दोन्ही शेजारी ठेवताच चूक डोळ्यांत भरते. मूळ आलेखच चुकला असेल, तर दहाही मागांवर सारखाच दोष उमटतो आणि तुलना करण्यास निर्दोष नमुनाच उरत नाही. याउलट नक्षीत दुरुस्ती करावयाची झाल्यास दहाही माळांतील तेच कार्ड काढून नवे ओवावे लागते. एक माळ राहून गेली, तर एकाच नावाखाली दोन जातींचा माल बाहेर पडतो. आणि तो कोणत्या मागावरून आला, याचा शोध गठ्ठे बांधून झाल्यावर घ्यावा लागतो. विद्युत् नियंत्रित जॅकार्ड यंत्रणेचे प्रदर्शन १९८३ मध्ये मिलान येथील यंत्रप्रदर्शनात बोनस या ब्रिटिश कंपनीने केले. या प्रकारात कार्डांऐवजी आलेखाची एकच संगणकीय फाइल अनेक मागांना पुरविता येते. त्यामुळे प्रतींची पहिली अडचण दूर झाली, पण मूळ आलेखातील चूक एकदम सर्व मागांवर जाण्याची दुसरी अडचण अधिक तीव्र झाली. साहाय्यक फलनांच्या बाबतीत पुढे नेमके असेच घडले.

जॅकार्डची कार्डे आणि संगणक यांचा संबंध केवळ उपमेचा नाही. चार्ल्स बॅबेज (१७९१–१८७१) याने आपल्या नियोजित विश्लेषक यंत्रासाठी हीच कार्डे योजिली होती. एडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणांत कार्डांचा गट उलट फिरवून तोच पुन्हा वापरण्याच्या युक्तीचा उल्लेख आहे. एकच कृती अनेकदा करावयाची, तर तितकी कार्डे नव्याने पाडण्याची गरज नाही, ही कल्पना तीत स्पष्टपणे मांडलेली आढळते. बॅबेजचे यंत्र मात्र कधीच पूर्ण झाले नाही.

उपकार्यक्रमांचा संग्रह : केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम कार्यान्वित झाला. मॉरिस विल्क्स (१९१३–२०१०) आणि त्यांचे सहकारी यांना थोड्याच दिवसांत असे आढळले, की आज्ञावली लिहिण्यापेक्षा तीतील चुका शोधण्यातच अधिक वेळ जातो. विल्क्स यांच्या एका सुरुवातीच्या, सव्वाशे ओळींच्या आज्ञावलीची फीत पुढे इतिहाससंशोधकांनी तपासली, तेव्हा तीत वीसच्या आसपास चुका निघाल्या. यावर उपाय म्हणून वर्गमूळ, त्रिकोणमितीय फलने, छपाई इ. नित्याच्या कामांचे उपकार्यक्रम एकदाच तपासून छिद्रित फितींवर साठविण्यात आले. फिती पोलादी कपाटात ठेवीत आणि हवी ती फीत यंत्राच्या साहाय्याने आपल्या फितीवर उतरवून घेत. मुख्य कार्यक्रमातून उपकार्यक्रमाकडे जाऊन पुन्हा मूळ जागी परतण्याची रीत डेव्हिड व्हीलर (१९२७–२००४) यांनी शोधून काढली. विल्क्स, व्हीलर व स्टॅन्ली गिल यांचा या विषयावरील ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. आज्ञावलीलेखनावरील हा पहिला पाठ्यग्रंथ मानला जातो. त्या कपाटातील फीत तपासलेली असे, हे तिचे खरे मूल्य होते. श्रम वाचणे हा दुय्यम लाभ होता.

अमेरिकेत हार्व्हर्ड येथील मार्क-१ यंत्रावर काम करणाऱ्या मंडळींची पद्धत याहून भिन्न होती. ती एकमेकांच्या वह्यांतून उपयुक्त आज्ञासमूह हाताने उतरवून घेत. ग्रेस हॉपर (१९०६–९२) यांनी १९७८ मध्ये एका परिषदेत याविषयीच्या आठवणी सांगितल्या. उतरवून घेताना अक्षरे व अंक यांची गल्लत होई आणि पत्ते बदलण्यासाठी कराव्या लागणाऱ्या बेरजा चुकत, असा त्यांचा अनुभव होता. हे काम माणसाकडून काढून यंत्राकडे सोपविण्याच्या विचारातून त्यांनी १९५२ मध्ये युनिव्हॅक संगणकासाठी ए-० ही व्यवस्था तयार केली. डग्लस मॅक्‌इलरॉय यांनी १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत आज्ञावलीचे सुटे भाग कारखान्यातील नट-बोल्टांप्रमाणे प्रमाणित असावेत, अशी मागणी केली. मुख्य आज्ञावलीपुरती ही विचारसरणी त्यानंतर सर्वमान्य होत गेली. चाचण्यांकडे मात्र पुढील तीस वर्षे कोणी या दृष्टीने पाहिले नाही.

याचे कारण असे, की चाचणी ही जपून ठेवावयाची वस्तू आहे, हेच तोवर ठरले नव्हते. ॲलन ट्यूरिंग यांनी जून १९४९ मध्ये केंब्रिज येथील परिषदेत मोठ्या आज्ञावलीची पडताळणी कशी करावी, यावर निबंध वाचला होता. एट्सखर डायक्स्ट्रा (१९३०–२००२) यांनी चाचणीने दोष असल्याचे सिद्ध होते, नसल्याचे नव्हे, असे बजावले होते. ग्लेनफर्ड मायर्स यांचा चाचणीकलेवरील ग्रंथ १९७९ मध्ये आला. तरीही प्रत्यक्षात चाचणी बहुधा हाताने केली जाई आणि काम होताच तिची सामग्री टाकून दिली जाई.

दोन अंकी वर्षाचा प्रश्न : विखुरलेल्या प्रतींची खरी किंमत जगाला १९९० नंतरच्या दशकात कळली. जुन्या व्यापारी आज्ञावल्यांत वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक साठविलेले असत. दिनांकांची वजाबाकी, व्याजाचे दिवस, निवृत्तीचे वय यांचे आज्ञासमूह हजारो फाइलींत थोड्याथोड्या फरकाने उतरविलेले होते. दुरुस्ती अवघड नव्हती. सर्व प्रती सापडल्या की नाही, हे सांगणे अवघड होते. हे काम मोठ्या प्रमाणावर भारतीय कंपन्यांकडे आले. पुणे येथील टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात (स्थापना १९८१) आज्ञावलीचे यांत्रिक विश्लेषण करणारी जी साधने विकसित झाली, त्यांचा या कामी उपयोग करण्यात आला. एक जानेवारी २००० हा दिवस फारशी पडझड न होता गेला. त्यामुळे सारा धोकाच काल्पनिक होता असे अनेकांना वाटले. झालेल्या कामाचा विचार करता हे मत योग्य वाटत नाही.

बेल प्रयोगशाळेतील ब्रेंडा बेकर यांनी याच दशकात मोठ्या आज्ञावलीतील सारख्या भागांचा शोध घेणारे साधन तयार केले. जपानमधील कामिया, कुसुमोतो व इनोऊए यांचे या प्रकारचे प्रसिद्ध साधन २००२ चे आहे. अक्षरशः सारख्या प्रती, केवळ नावे बदललेल्या प्रती आणि काही ओळी कमीजास्त झालेल्या प्रती असे वर्गीकरण या संशोधनातून रूढ झाले. यांपैकी तिसरा वर्ग सर्वांत उपद्रवी होय, कारण कमीजास्त झालेली ओळ मुद्दाम बदलली की विसरली, हे ती ओळ स्वतः सांगत नाही.

चाचणीसंचाचे स्वतंत्र रूप : केंट बेक यांनी १९९४ मध्ये स्मॉलटॉक भाषेतील चाचण्यांसाठी एक लहान चौकट प्रसिद्ध केली. तीत चाचणीपूर्वीची मांडणी आणि नंतरची आवराआवर यांना स्वतंत्र जागा होती. बेक व एरिक गॅमा यांनी १९९७ मध्ये विमानप्रवासात तिचेच जावा भाषेतील रूप लिहिले. जेयुनिट या नावाने ते जगभर पसरले आणि इतर बहुतेक भाषांत त्याची भावंडे निर्माण झाली. आता चाचण्या मुख्य आज्ञावलीइतक्याच काळजीने जपल्या जाऊ लागल्या. काही ठिकाणी त्यांचा विस्तार मुख्य आज्ञावलीहून मोठा झाला. मार्टिन फाउलर यांच्या पुनर्रचनेवरील ग्रंथाने (१९९९) द्विरुक्ती हे बिघाडाचे पहिले लक्षण ठरविले. त्याच वर्षी हंट व टॉमस यांनी प्रत्येक माहितीला एकच अधिकृत जागा असावी, हे तत्त्व मांडले. ही शिकवण चाचण्यांना प्रथम पद्धतशीरपणे लागू केली ती आरी व्हान डर्सन व त्यांच्या डच सहकाऱ्यांनी. त्यांच्या २००१ मधील निबंधात चाचणीतील बिघाडाची अकरा लक्षणे दिली असून द्विरुक्ती हे त्यांपैकी एक आहे. जेरार्ड मेसारोस यांच्या २००७ मधील विस्तृत ग्रंथात साहाय्यक फलनांचे निर्मितीसाठी, पडताळणीसाठी व आवराआवरीसाठी असे प्रकार पाडलेले आहेत. पायथन भाषेतील पायटेस्ट या चौकटीत पूर्वतयारीची फलने एका सामाईक फाइलीत ठेवून हवी तेथे केवळ नावाने मागविता येतात.

द्विरुक्तीमुळे चाचणीच न होण्याचा एक गाजलेला प्रसंग फेब्रुवारी २०१४ मधील आहे. ॲपल कंपनीच्या सुरक्षित जोडणीच्या आज्ञावलीत एकच ओळ चुकून दोनदा पडली होती. परिणामी समोरच्या संगणकाच्या स्वाक्षरीची पडताळणी अर्ध्यावर सोडून ती यशस्वी झाल्याचे कळविले जाई. माइक ब्लँड यांनी या घटनेचे परीक्षण करताना असे दाखविले, की तोच क्रमविधी त्या फाइलीत अनेक ठिकाणी उतरविलेला होता. तो एकाच फलनात असता, तर त्यासाठी चाचणी लिहिणे सोपे झाले असते आणि दोष तेव्हाच सापडला असता.

कराच्या मर्यादेचे उदाहरण : द्विरुक्त साहाय्यक फलनांचा धोका नेमका कोठे असतो, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. सोलापुरातील एखाद्या चादर-टॉवेलांच्या घाऊक पेढीसाठी देयके तयार करणारी आज्ञावली आहे असे मानू. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. त्यात शिवून वा विणून तयार केलेल्या अशा मालावर प्रतिनग १,००० रुपयांपर्यंतच्या विक्रीमूल्यास ५ टक्के आणि त्यावरील मूल्यास १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २,५०० रुपये झाली आणि तीवरील दर १८ टक्के झाला. म्हणजे १,४०० रुपयांच्या चादरीवर आदल्या दिवशी १६८ रुपये आणि त्या दिवशी ७० रुपये कर आकारावयाचा. दोनशे चादरींच्या एका देयकात हा फरक १९,६०० रुपयांचा होतो.

या आज्ञावलीच्या चाचणीसंचात अपेक्षित कर काढून देणारे एक साहाय्यक फलन आहे आणि ते देयक, दरपत्रक, माल-परती व मासिक गोषवारा अशा चार फाइलींत उतरविलेले आहे. मर्यादा बदलताच देयकाच्या भागात दुरुस्ती झाली. तेथील फलनही बदलले. गोषवाऱ्याच्या भागात मात्र मुख्य आज्ञावलीतील जुनी मर्यादा तशीच राहिली आणि चाचणीतील जुनी मर्यादाही तशीच राहिली. दोन जुन्या गोष्टी एकमेकींशी तंतोतंत जुळतात. चाचणी यशस्वी ठरते. चाचणी मुळीच नसती, तर निदान कोणी तरी शंकेने हाताने पडताळा घेतला असता. येथे मात्र यशस्वितेची खूण पाहून सर्वजण निश्चिंत राहतात. फलन एकच असते, तर त्यातील मर्यादा बदलताच गोषवाऱ्याची चाचणी अयशस्वी होऊन मुख्य आज्ञावलीतील विसरलेली जागा त्याच क्षणी दिसली असती.

नमुन्याच्या किमतींचाही असाच प्रश्न आहे. मर्यादेच्या दोन्ही बाजू तपासल्या जाव्यात, म्हणून पूर्वी कोणी तरी ९०० व १,१०० रुपये या किमती निवडल्या असतील. नव्या मर्यादेनंतर या दोन्ही किमती एकाच गटात मोडतात. चाचण्यांची संख्या तेवढीच राहते, त्या यशस्वीही होतात, पण २,५०० रुपयांच्या सीमेवर काय घडते, हे आता कोणीच तपासत नाही.

असे असले, तरी चारही प्रती डोळे मिटून एक करणे हा उपाय नव्हे. माल-परतीच्या फाइलीतील जुनी मर्यादा विस्मरणामुळे राहिलेली नसण्याचा संभव आहे. २२ सप्टेंबरपूर्वी विकलेला माल नंतर परत आला, तर मूळ देयकात आकारलेला करच कमी करावयाचा असतो; तेथे जुना दर हाच बरोबर दर होय. ज्याने ती प्रत वेगळी ठेवली त्याने कारण लिहून ठेवले नसेल, तर एकत्रीकरण करणारा ती मोडकळीस आलेली प्रत समजून पुसून टाकील आणि परतीचा हिशेब बिघडवील. अशा वेळी विक्रीचा दिनांक हा फलनाला उघडपणे पुरवावयाचा घटक करणे, हा योग्य मार्ग होय. तसे केल्यास दोन्ही दर एकाच फलनात नांदू शकतात आणि फरकाचे कारणही वाचणाऱ्यास कळते.

एकत्रीकरणाची रीत : वरील विवेचनावरून या कामाचा क्रम बराचसा उलगडतो. प्रथम सर्व प्रती शोधाव्या लागतात. नावावरून शोध घेणे पुरेसे नसते, कारण एकाच कामाला निरनिराळ्या व्यक्तींनी निरनिराळी नावे दिलेली असतात. आणि क्वचित नाव एकच असून काम भिन्न असते. नंतर प्रतींतील प्रत्येक फरकाचा इतिहास पाहावा लागतो. २००५ मध्ये लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी सुरू केलेल्या गिटसारख्या आवृत्तिनोंदीच्या साधनाने कोणती ओळ कोणी, केव्हा व कोणत्या कामाबरोबर बदलली, हे कळते. हा टप्पा सर्वांत वेळखाऊ असतो आणि घाईत तोच गाळला जातो.

सामाईक फलन तयार झाल्यावर त्याची स्वतःची चाचणी लिहिणे आवश्यक असते. या चाचणीत अपेक्षित उत्तरे आकड्यांतच लिहावीत : १,४०० रुपयांवर ७०, ३,००० रुपयांवर ५४० अशी. ती सूत्राने काढल्यास मुख्य आज्ञावलीतील सूत्राचीच आणखी एक प्रत तयार होते आणि सूत्र चुकले असेल तर दोन्ही एकत्रच चुकतात. पुढे एकेका फाइलीतील जुनी प्रत काढून सामाईक फलन जोडावे आणि प्रत्येक वेळी संपूर्ण संच चालवून पाहावा. या काळात मुख्य आज्ञावलीला हात लावू नये, हा नियम कटाक्षाने पाळला जातो. दोन्ही बाजू एकाच वेळी हलविल्या तर काहीतरी बिघडल्यास कोणामुळे बिघडले, हे सांगता येत नाही.

संच यशस्वी झाला, एवढ्यावरून काम बरोबर झाले असे म्हणता येत नाही. एकत्रीकरणात चाचणीची तुलना करणारी ओळच गळून पडली असेल, तर ती चाचणी नेहमीच यशस्वी होईल. म्हणून मुख्य आज्ञावलीत मुद्दाम एखादी चूक करून चाचणी अयशस्वी होते की नाही, हे पाहावे लागते. या युक्तीची मूळ कल्पना रिचर्ड लिप्टन यांनी १९७१ मध्ये विद्यार्थिदशेत मांडली आणि डिमिलो, लिप्टन व सेवर्ड यांच्या १९७८ मधील निबंधाने ती प्रस्थापित झाली. अशा मुद्दाम केलेल्या चुका आपोआप घडवून आणणारी साधने आता उपलब्ध आहेत. ती फार वेळ घेतात, परंतु एकत्रीकरणापूर्वी व नंतर पकडल्या गेलेल्या चुकांची तुलना करण्यास त्यांच्याइतका खात्रीचा मार्ग दुसरा नाही.

मतभेद : सर्व द्विरुक्ती वाईटच, हे मत आता मागे पडले आहे. कॅप्सर व गॉडफ्री यांनी २००६ मध्ये काही प्रती हेतुपुरस्सर व हितकारक असतात, असे दाखविले. दुसऱ्या बाजूने जर्मनीतील युर्गेन्स व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये असे निदर्शनास आणले, की नकळत भिन्न झालेल्या प्रतींत दोष लक्षणीय प्रमाणात आढळतात. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. जाणीवपूर्वक ठेवलेला फरक आणि नकळत पडलेला फरक यांतील भेद दोहोंतून स्पष्ट होतो.

चाचण्यांच्या बाबतीत आक्षेप अधिक गंभीर आहे. चाचणी वाचणाऱ्यास काय दिले, काय केले आणि काय मिळावयास हवे, हे एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे. सर्व तपशील साहाय्यक फलनात लपविला, तर चाचणी आटोपशीर दिसते पण अयशस्वी झाल्यावर तिचा अर्थ लावण्यास चार फाइली उघडाव्या लागतात. सामाईक फलनाला प्रत्येक नव्या गरजेसाठी एकेक पर्याय जोडला जातो आणि शेवटी दहा-बारा पर्यायांचे असे एक फलन तयार होते, की त्याला हात लावण्याचे धैर्य कोणी करीत नाही. सँडी मेट्झ यांनी चुकीच्या सामान्यीकरणापेक्षा द्विरुक्ती स्वस्त पडते, असे मत मांडले ते याच अनुभवावरून. गूगल कंपनीतील अभियंत्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही चाचण्यांत थोडी पुनरुक्ती सहन करावी, पण वर्णन स्पष्ट ठेवावे, असा सल्ला दिला आहे. व्यवहारात बहुतेक ठिकाणी जी सीमारेषा स्वीकारली जाते ती अशी : ज्या तपशिलावर चाचणीचा निकाल अवलंबून आहे, तो चाचणीतच लिहावा, उरलेला फलनात जावा. चादरीची किंमत व विक्रीचा दिनांक चाचणीत दिसावा, ग्राहकाचा पत्ता दिसण्याचे कारण नाही. फाउलर यांनी डॉन रॉबर्ट्स यांच्या नावे नोंदविलेला संकेतही बराच पाळला जातो : दुसऱ्यांदा उतरवून घेण्यास हरकत नाही, तिसऱ्यांदा मात्र एकत्र करावे.

मोठ्या संघांत द्विरुक्तीचे मूळ तांत्रिक असण्यापेक्षा व्यवस्थेत असते. सामाईक फाइलीची जबाबदारी कोणाचीच नसली, की तीत बदल करण्यापेक्षा आपल्या फाइलीत प्रत घेणे प्रत्येकास सोयीचे वाटते. साहाय्यक फलनाला स्पष्ट नाव, एक ठरलेली जागा आणि एक ठरलेला जबाबदार नसेल, तर एकत्रीकरण झाल्यावर वर्षभरातच प्रती पुन्हा उगवतात. २०२१ नंतर आज्ञावली सुचविणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने प्रचारात आली, तेव्हापासून या प्रश्नाला नवे वळण लागले आहे. अशी साधने मागणी होताच चाचणी व तिचे साहाय्यक फलन दोन्ही लिहून देतात. संचात तसे फलन आधीच आहे हे त्यांच्या नजरेस आणून दिलेले नसेल, तर प्रत्येक वेळी नवी प्रत जन्मास येते. उलट, विखुरलेल्या प्रती गोळा करून त्यांतील फरक मांडून दाखविण्याचे कंटाळवाणे कामही हीच साधने त्वरेने करतात. परतीच्या फाइलीतील जुना दर राखून ठेवावयाचा की नाही, हा निर्णय मात्र पेढीचा व्यवहार जाणणाऱ्यास विचारूनच घ्यावा लागतो.